नवव्या पिंजऱ्यानंतर

बंगळूर पाहण्यासारखे शहर आहे, असे सर्व जण सांगतात. मी ते फारसे पाहिले नाही. बाग पाहिली नाही, राजवाडा पाहिला नाही. जानेवारीचे तेवीस दिवस तिथे राहिलो आणि त्यातला महत्त्वाचा वेळ एका अरुंद खोलीत लाकडी स्टुलावर बसून काढला. मिरजेला परतल्यावर दोघातिघांनी विचारले, "काय पाहिलंत?" तोंडी उत्तर देता आले नाही, म्हणून हे लिहिले आहे.

जाण्याचे कारण आधी सांगतो. माझी मुलगी सुनंदा तिथल्या एका संशोधन संस्थेत उंदरांच्या मेंदूवर काम करते. दोन वर्षांपूर्वी तिची आई, कुमुद, मिरजेच्या रुग्णालयात वारली. त्या दिवशी दुपारनंतर डॉक्टरांनी सांगितले की, ज्यांना कळवायचे त्यांना कळवा. सुनंदा येऊन पोहोचण्याइतका अवधी नव्हता. पण कुमुदला तिचा आवाज ऐकायचा होता. सव्वापाचपासून मी फोन लावत होतो आणि तो कुमुदच्या कानाशी धरत होतो. अकरा वेळा लावला. अकरा वेळा तिने नुसती घंटी ऐकली. सहाच्या सुमारास संस्थेच्या कार्यालयातही फोन करून निरोप ठेवला. साडेसहाला ती गेली. सातला सुनंदाचा फोन आला. "मी आत होते, आप्पा. आत फोन नेता येत नाही." यापुढे ती काही बोलली नाही आणि मीही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी अग्नी दिला. सुनंदा अकराला पोहोचली.

त्यानंतर आमचे बोलणे बंद पडले असे नव्हे. औषध घेतले का, गॅसचा सिलिंडर आला का, इतपत चालू होते. गेल्या डिसेंबरात तिने फोनवर सांगितले, "जानेवारीत तोच प्रयोग पुन्हा आहे. त्या संध्याकाळी मी कुठे होते, ते एकदा येऊन बघा." मी तिकीट काढले. मला एवढेच पाहायचे होते की, त्या खोलीतून तिला येता येत नव्हते, की ती आली नव्हती.

राजाजीनगर

आपल्याकडे पत्ता म्हणजे देऊळ, तालीम, नाही तर कोणाचे तरी घर. राजाजीनगरात पत्ता म्हणजे आकडे. आडवे रस्ते 'क्रॉस' आणि उभे 'मेन', आणि प्रत्येकाला क्रमांक. मला घ्यायला सुनंदा स्थानकावर येणार होती. मी नको म्हटले होते. परिणामी रिक्षावाल्याने मला योग्य क्रॉसवर, परंतु चुकीच्या मेनवर सोडले आणि मी पिशवी घेऊन अर्धा तास हिंडलो. शेवटी एका दारातून हाक आली, "मिरजेचे अण्णा काय तुम्ही? सुनंदाचे वडील? मगाधरनं दोनदा पुढनं गेलात की!"

या राधाक्का, सुनंदाच्या घरमालकीण. त्यांचे पणजोबा सातारा भागातून आले. घरात मराठी टिकली आहे, पण तिच्यात कानडी मुरली आहे. "स्वल्प बसा," म्हणून त्यांनी मला खुर्ची दिली आणि पितळी पेल्यात कॉफी दिली. "चढताय कशाला लगेच वर? ती गेली संस्थेत. उंदीर सोडून तिला काय आहे? सरी, बरं झालं, आता तुम्ही आलात." कॉफी चांगली होती. पेला तळहाताएवढाही नव्हता. तिथे लोक त्याही कॉफीचे दोन भाग करून पितात. उपाहारगृहात 'वन बाय टू' म्हटले की एक कॉफी दोन पेल्यांत येते. आपल्याकडे याला कंजूषपणा म्हणतील. तिथे तो शिष्टाचार आहे.

जानेवारी हा तिथे अवरेकाळूचा मोसम. हा आपला पावटाच. पण त्याचे दाणे भिजवून, एकेक सोलून, आमटी, उप्पीट, डोसा, सगळ्यांत घालतात. संध्याकाळी सुनंदा परतली तेव्हा राधाक्का आणि मी दाणे सोलत होतो. सुनंदा दारात उभी राहून पाहत राहिली. केस बरेच पिकले आहेत तिचे. वय त्रेचाळीस.

"प्रवास नीट झाला?" तिने विचारले.

"झाला," मी म्हणालो.

दुपारी पडणारी रात्र

चौथ्या दिवशी तिने मला संस्थेत नेले. प्राणिगृह ही मागच्या बाजूची बसकी इमारत. दारावर मल्लाप्पा नावाचा साठीला आलेला राखणदार आहे; उंदरांचे दाणापाणीही तोच पाहतो. मी मिरजेचा असे कळताच तो उठून उभा राहिला.

"आमचं गाव निपाणीच्या अलीकडं, सर. माझी थोरली मिरजेच्याच दवाखान्यात जन्मली. मिरज म्हंजे आमाला डॉक्टरांचं गाव." एवढे बोलून तो एकदम थांबला आणि सुनंदाकडे पाहून खाली बसला. का थांबला, ते मला तेव्हा कळले नाही.

आत जाताना फोन आणि घड्याळ बाहेरच्या कपाटात ठेवावे लागते. मग एक दार, मग एक अरुंद खोली, मग दुसरे दार. दुसऱ्या दाराला चौकोनी काच आहे आणि तिच्यावर काळे कापड. दारावर लाल दिवा. तो लागलेला असला की कोणीही ठोठावायचे नाही.

आत दुपारी बाराला रात्र होते. दिवे घड्याळयंत्राला जोडलेले आहेत. मध्यरात्री लागतात, मध्यान्हीला विझतात. त्यामुळे माणसांना आपल्या दिवसात उंदरांच्या रात्रीचा अभ्यास करता येतो. आम्ही साडेतीनला आत शिरलो. अंधुक लाल उजेड होता. तो उंदरांना जवळजवळ दिसत नाही. पिंजऱ्यांच्या रांगा होत्या आणि त्यांत हलणारे पांढरे आकार. कागदाचे कपटे कुरतडल्याचा आवाज सर्वत्र होता.

मी छत्तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले. तिला म्हणालो, "समजावून सांग. मला समजेल."

"मेंदूच्या मधोमध पिनिअल ग्रंथी असते," ती म्हणाली. "तुम्ही शिकवायचात, तिचा काही उपयोग नाही म्हणून."

"पुस्तकात तसे होते."

"मीही परीक्षेत तसंच लिहिलं होतं. तुम्ही पूर्ण गुण दिले होतेत." ती किंचित हसली असावी; लाल उजेडात नक्की सांगता येत नाही. "अंधार पडला की ही ग्रंथी सेरोटोनिनपासून मेलाटोनिन बनवते. ते रक्तातून सगळ्या मेंदूभर जातं आणि रात्र झाल्याची वर्दी देतं. मेंदूच्या पेशी एकमेकींशी ज्या रसायनांनी बोलतात, त्यांच्यावर त्याचा परिणाम होतो. काही भागांत डोपामीन सुटायचं कमी होतं. सेरोटोनिनचा हिशोब बदलतो. दिवसाचा मेंदू आणि रात्रीचा मेंदू वेगळा असतो, आप्पा. म्हातारपणी ग्रंथी थकते. वर्दी पोहोचत नाही. मग दिवस आणि रात्र सारखेच होत जातात."

"हे उंदीर म्हातारे आहेत?"

"दोन वर्षांचे. आपल्याकडचे पंच्याहत्तर-ऐंशी म्हणा."

"म्हणजे माझ्या वयाचे."

"हो. अर्ध्यांना रात्री पाण्यातून मेलाटोनिन देतो, अर्ध्यांना साधं पाणी. मग मध्यरात्री, म्हणजे आपल्या संध्याकाळी सहाला, मेंदू काढून गोठवायचे आणि पाहायचं, रसायनं पुन्हा ताळ्यावर आली का."

"येतात का?"

"माहीत नाही. म्हणून तर."

मी विचारले की, तरुण उंदरांवर हे लवकर झाले नसते का. ती पिंजऱ्यावरचा क्रमांक पुसत राहिली. "आई भर दुपारी दिवा लाव म्हणायची आणि रात्री अंगण झाडायला उठायची. ते मी पाच वर्षांपूर्वी दिवाळीत पाहिलं होतं," ती म्हणाली. "त्यानंतर म्हातारे उंदीर घेतले."

हे मला ठाऊक नव्हते. मी कधी विचारले नव्हते.

चूक

संक्रांतीच्या आदल्या दिवशी नमुने घ्यायचे ठरले होते. त्या दिवशी मल्लाप्पा काही खात नाही. मी विचारले, उपास आहे का. "उपास न्हवं, सर. दोन वर्सं हातानं पाणी घातलंय त्येंला. आज घास उतरत न्हाई."

सुनंदाने मला दोन दारांमधल्या खोलीत बसू दिले. पावणेसहाला ती बर्फाची पेटी आणायला गेली. मी एकटा होतो. आत काय चालले आहे ते पाहावे म्हणून काचेवरचे काळे कापड बाजूला केले. पांढरे आकार हिंडत होते. बराच वेळ पाहत राहिलो. कापड पुन्हा सारले नाही.

बाहेरच्या दाराच्या वर काचेची एक अरुंद पट्टी आहे. ती राखाडी झालेली दिसली. संध्याकाळ झाली होती. आमचे घर तिन्हीसांजेला अंधारात राहिलेले नाही. कुमुद होती तोवर ती दिवा लावी; तिच्यामागे मी लावतो. मी उठलो, हाताशी असलेले बटण दाबले आणि हात जोडले.

हात जोडलेले असतानाच समोरच्या काचेतून उजेड आत पडलेला दिसला. पिंजऱ्यांत सर्व हालचाल थांबली होती.

दिवा बंद करेपर्यंत बाहेरचे दार उघडले. सुनंदाच्या हातात पेटी होती.

"किती वेळ?" तिने विचारले.

"अर्धे मिनिट. कमी नाही."

तिने पेटी जमिनीवर ठेवली. ती ओरडली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "त्यांची रात्र तुटली. मेलाटोनिन काही मिनिटांत खाली येतं. आता मेंदू काढले तर आकडे उजेडाचे मिळतील. त्यांचं आतलं घड्याळ पुन्हा नीट बसायला पंधरा दिवस."

"आणि पंधरा दिवसांत?"

"म्हातारे आहेत. जेवढे राहतील तेवढे."

त्या प्रयोगशाळेचा एक नियम आहे: चूक ज्याची, नोंद त्याच्याच हातची. दुसरा कोणी ती लिहीत नाही. मी छत्तीस वर्षे मुलांकडून चुका लिहवून घेतल्या. माझी चूक लिहायला मला कधी कोणी वही दिली नव्हती. सुनंदाने ती माझ्यापुढे ठेवली आणि मल्लाप्पाला सांगायला बाहेर गेली. रकाने इंग्रजी होते: तारीख, वेळ, काय घडले, कारण, सही. मी लिहिले. कारणाच्या रकान्यात 'सवय' असे मराठीत लिहिले, कारण इंग्रजी शब्द पुरेसा वाटला नाही. सही केली.

मग मागची पाने उलटली. ती मी उलटायला नको होती. मला हवी ती तारीख सापडली. अक्षर सुनंदाचे होते. आरंभ सहा वाजता. पिंजरा एक, दोन, तीन, प्रत्येकापुढे वेळ. नऊपर्यंत. त्याखाली: 'सहा पन्नास. दार आतून उघडले. पांढरा दिवा लावला. नमुने एक ते नऊ बाहेर राहून वितळले, बाद. उरलेले प्राणी उजेडात, बाद. प्रयोग संपला.' सर्व इंग्रजीत. कारणाच्या रकान्यात एकच मराठी शब्द होता. 'आई.'

दोन वर्षे मी समजत होतो की, तिने काम पुरे केले आणि मग फोन पाहिला. तिने काम तिथेच टाकले होते. म्हातारे उंदीर विकत मिळत नाहीत. ते म्हातारे होईपर्यंत सांभाळावे लागतात. आजचे उंदीर तिने त्या संध्याकाळनंतर पुन्हा पहिल्यापासून वाढवलेले होते.

ती परतली तेव्हा मी वही मिटली. रिक्षाने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधाक्का वाटी घेऊन वर आल्या. तिथल्या संक्रांतीला तिळाच्या वड्या नसतात. तीळ, गुळाचे खडे, खोबऱ्याचे तुकडे, शेंगदाणे आणि डाळे एकत्र करून देतात. देताना म्हणतात, "एळ्ळु-बेल्ला तिंदु ओळ्ळे माताडी." अर्थ आपलाच, तीळगूळ खा आणि गोड बोला. राधाक्का आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहून म्हणाल्या, "गोड ऱ्हाऊ दे. नुसतं बोला म्हणजे झालं."

आम्ही खाल्ले. बोललो नाही.

चिकपेट

दाराच्या काचेवरचे कापड जुने आणि विरलेले होते. नवे मी आणतो, असे सांगून चिकपेटेत गेलो. ती घाऊक कापडाची पेठ आहे. रस्ता माणसांनी आणि गाठोड्यांनी भरलेला, चालणाऱ्याला दोन्ही खांदे सांभाळावे लागतात. एका दुकानात मालक कानडीत हिशेब सांगत होता आणि मुलीशी फोनवर मराठीत भांडत होता. मी तिथे शिरलो.

"काळं कापड? जाड?" त्याने विचारले. "आजोबा, संक्रांत तर काल झाली. आज्जींना उशिरा आठवलं काय?"

"पडद्याला हवे आहे," मी म्हणालो.

"मग हे कशाला, ते घ्या." त्याने एक ठाण उलगडून माझ्या हातावर टाकले. "सूर्य धरला मागं, तरी दिसायचा नाही."

कुमुद दर संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसत असे. तिच्या आजारपणात शेवटच्या संक्रांतीला ती नेसवायला कोणी नव्हते. मी नेसवू शकलो असतो. नेसवली नाही, मला येत नाही म्हणालो. कापड कापून होईपर्यंत मी दुकानाबाहेर उभा राहिलो.

पडदा लावायला मल्लाप्पाने मदत केली. तो खिळे देत होता, मी ठोकत होतो. शेवटचा खिळा त्याने दिला नाही. मुठीत धरून ठेवला.

"सर, येक सांगायचं ऱ्हायलंय. ताईंनी सांगितलं नसंल."

"सांगा."

"त्या दिवशी आफिसातनं मला निरोप आला. सा वाजून धा मिन्टं. मिरजेचा फोन हाय, आई शिरेस, ताईंला सांग. मी ह्या दाराशी आलो तर लाल दिवा." त्याने दाराकडे बोट केले. "लाल दिवा असला की ठोठवायचं न्हाई. तीस वर्सं पाळलंय. मी हुबा ऱ्हायलो. म्हटलं, आत्ता विझंल, आत्ता विझंल. चाळीस मिन्टं हुबा हुतो, सर. मग ऱ्हावलं न्हाई, ठोठवलं. त्या तशाच धावत आल्या. हातमोजे बी काढले न्हाईत."

सहा दहा ते साडेसहा. कुमुदजवळ वीस मिनिटे होती.

"ताई मला येका शब्दानं बोलल्या न्हाईत," तो म्हणाला. "तुम्ही बोला."

मी त्याच्याकडे पाहिले. मी आयुष्यभर नियम पाळले आणि पाळायला लावले. त्या दारापुढे मी असतो तर मीही उभा राहिलो असतो; कदाचित ठोठावलेही नसते. हे मी त्याला सांगितले. त्याने खिळा दिला.

रात्रीच्या जेवणाला सुनंदाने पावट्याची आमटी केली होती. मी म्हणालो, "अग्नी द्यायला मी अकरापर्यंत थांबायला हवे होते."

तिने ताटावरून मान वर केली नाही. "हो," ती म्हणाली.

'जाऊ द्या' म्हणाली नाही. ती माझी मुलगी आहे. थोड्या वेळाने तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला.

पुन्हा

परतीचे तिकीट मी पुढे ढकलले. पंधरा दिवसांत तीन उंदीर मेले. प्रत्येक वेळी सुनंदा मला आपण होऊन सांगे, "वयानं गेला." मी विचारत नसे.

जानेवारीच्या अखेरीस पुन्हा नमुने घ्यायचे ठरले. सव्वापाचला आम्ही संस्थेत पोहोचलो. मल्लाप्पा उपाशी होता. सुनंदाने आपला फोन कपाटात ठेवला नाही. दोन दारांमधल्या खोलीत आणून माझ्या हातात दिला.

"वाजला तर ठोठवा," ती म्हणाली.

"लाल दिवा असला तरी?"

"असला तरी."

ती आत गेली. दारावर लाल दिवा लागला. मी काळे कापड चारी कडांनी चाचपून पाहिले आणि स्टुलावर बसलो. बटणावर मल्लाप्पाने कागदी पट्टी चिकटवली होती. तिची गरज नव्हती, पण मी काढा म्हणालो नाही. फोन पालथा मांडीवर ठेवला. तो वाजला नाही. मिरजेहून तिला फोन करणारा एकटा मीच उरलो आहे आणि मी इथे बसलो होतो.

सहाला काम सुरू झाले. सुनंदा प्रत्येक पिंजऱ्याला क्रमांक मोठ्याने म्हणते, मराठीत. कुमुदने तिला ओट्याशी उभे करून असेच अंक शिकवले होते. दाराआडून आवाज बारीक येत होता. एक. काही मिनिटे शांतता. दोन. शांतता. तीन.

वरची पट्टी राखाडी झाली, मग काळी. सर्वत्र दिवे लागले असतील. मिरजेचे घर अंधारात होते. इथेही अंधारच होता. मी दिवा लावला नाही. हात मात्र जोडले.

आठ, आतून आवाज आला. नंतर नऊ.

मी दाराकडे पाहत राहिलो. बराच वेळ गेला. नंतर ती म्हणाली, "दहा."